लाल मातीचे गाव : रहाटणी ते ग्श्टाड

रहाटणी हे नाव उच्चारताच रहाटाची आठवण होते. पवनेच्या काठची शेते, विहिरीवर फिरणारी बैलजोडी, पाटातून खळाळत जाणारे पाणी असे एक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. आजच्या रहाटणीत त्या चित्रातली फक्त नदी उरली आहे. कोकणे चौकातून काळेवाडी फाट्याकडे जाताना दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यांच्या तळमजल्यावर किराणा, कापड, हार्डवेअर, सराफी आणि औषधांची दुकाने, आणि पलीकडे पिंपरी-चिंचवड ते चाकणपर्यंत पसरलेले कारखान्यांचे जग आहे. मारवाडातून, गुजरातेतून आणि अहमदनगर-बीडच्या बाजारपेठांतून आलेल्या अनेक जैन कुटुंबांनी या पट्ट्यात आपल्या पेढ्या उभ्या केल्या. कोणी कंपन्यांना नटबोल्ट पुरवतो, तर कोणी कामगारांच्या घरांना धान्य.

या रहाटणीपासून सात-आठ किलोमीटरवर, वाकड ओलांडले की, म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारले गेले आणि २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही तेथे झाल्या. २०१८ च्या जानेवारीत या संकुलात एक नवा पाहुणा आला. चेन्नईत वीस वर्षे रुजलेली पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा ‘महाराष्ट्र ओपन’ या नावाने बालेवाडीत भरू लागली. पहिल्या वर्षी फ्रान्सचा जिल सिमों जिंकला. २०१९ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन आणि ३९ वर्षांचा क्रोएशियन इव्हो कार्लोविच यांच्यातले तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि अँडरसनने बाजी मारली. त्याच वर्षी रोहन बोपण्णा व दिविज शरण यांनी, तर २०२२ मध्ये बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांनी दुहेरीचे विजेतेपद मिळवले. पाच वेळा ही स्पर्धा येथे भरली. २०२३ च्या जानेवारीत नेदरलँड्सचा टालन ग्रीकस्पोर विजेता ठरला आणि त्यानंतर स्पर्धा पुण्यातून गेली. २०२४ पासून तिची जागा हाँगकाँगने घेतली.

मैदान तेच राहिले, दिवेही तेच राहिले. रहाटणी, वाकड, पिंपळे सौदागर येथील ज्या मुलांनी बालेवाडीच्या गॅलरीत बसून जागतिक क्रमवारीतले खेळाडू प्रथमच समोर पाहिले होते, त्यांचा जानेवारी मात्र रिकामा झाला. मोठी स्पर्धा एखाद्या गावात का टिकते आणि दुसऱ्या गावातून का निघून जाते, हा प्रश्न व्यापारी घरातल्या माणसाला सहज पडावा असा आहे. बाजारात दुकाने उघडताना आणि बंद होताना त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली असतात. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर स्वित्झर्लंडमधील ग्श्टाड या डोंगरी गावाइतके चांगले ठिकाण नाही. १९१५ मध्ये तेथे पहिली टेनिस स्पर्धा भरली. शंभराहून अधिक वर्षांनंतर आजही, दर जुलैत, जगातले खेळाडू त्या गावातल्या लाल मातीवर उतरतात.

डोंगरगाडीची वाट

पिंपरी-चिंचवडचा प्रवासी ग्श्टाडला निघतो तेव्हा त्याचा पहिला टप्पा मुंबईच असतो. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्थानक असून तेथून बर्न, श्पीत्स आणि त्स्वाइझिमेन अशी गाडी बदलत साधारण तीन तासांत ग्श्टाड गाठता येते. शेवटच्या टप्प्यात मीटरगेजची छोटी गाडी चढणीला लागते. लोणावळ्याच्या घाटातून गाडीने गेलेल्या माणसाला या वळणांची भीती वाटत नाही. वेगळेपण जाणवते ते शांततेचे. डब्यात आवाज नाही, स्थानकावर घोषणांचा गोंगाट नाही, आणि गाडी वेळापत्रकातल्या मिनिटाला निघते.

दुसरी वाट लेमान सरोवराकाठच्या माँत्रो गावातून येते. माँत्रोची गाडी द्राक्षमळ्यांतून वर चढते, बोगद्यातून डोंगराच्या पलीकडे निघते आणि आणखी पुढे गेल्यावर भाषाही बदलते. आधीच्या गावांतले लोक फ्रेंच बोलतात, नंतरच्या गावांतले जर्मन. २०२२ च्या डिसेंबरपासून माँत्रो ते इंटरलाकेन अशी थेट गाडी धावू लागली आहे. वाटेत त्स्वाइझिमेनला रुळांची रुंदी बदलते. त्यामुळे पूर्वी प्रवाशांना सामानासह गाडी बदलावी लागे. आता डब्यांची चाकेच रुंदी बदलून पुढे जातात. यंत्रांच्या गावातून आलेल्या माणसाने हा प्रकार खिडकीतून नीट पाहावा. चाकणच्या कारखान्यात सुटे भाग पुरवणाऱ्याला त्यातली हुशारी इतरांहून लवकर कळेल.

आग, रेल्वे आणि एक हॉटेल

ग्श्टाड हे झानेन या ग्रामपालिकेतले एक गाव आहे. संपूर्ण झानेनची लोकसंख्या सुमारे सात हजार, म्हणजे रहाटणीतल्या काही मोठ्या सोसायट्यांत मावेल एवढीच. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,०५० मीटर. चारी बाजूंना गवताळ डोंगर, त्यांवर चरणाऱ्या गायी, त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा दूरवर ऐकू येणारा नाद, आणि त्यांच्याही वर बर्फाची शिखरे.

१८९८ मध्ये या गावाला मोठी आग लागली आणि लाकडी घरे जळून गेली. गावाने ती पुन्हा बांधली. १९०४ च्या अखेरीस रेल्वे येऊन पोहोचली, आणि ज्या खोऱ्यात केवळ गुराखी व चीज बनवणारे शेतकरी राहत होते तेथे युरोपातले श्रीमंत पाहुणे हिवाळ्यात येऊ लागले. १९१३ मध्ये टेकडीवर ‘ग्श्टाड पॅलेस’ हे हॉटेल उघडले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पाहुणे आटले, सीमा बंद झाल्या. अशा प्रतिकूल काळात, १९१५ मध्ये, त्या हॉटेलच्या कोर्टांवर पहिली टेनिस स्पर्धा घेण्यात आली. बाजार मंदीत असताना दुकानाची पाटी उतरवायची नाही, हा धडा जुन्या पेढ्यांना ठाऊक असतो. तोच या डोंगरी गावाने गिरवला.

या हॉटेलचा कारभार १९३८ पासून शेर्त्स कुटुंबाकडे आहे आणि आज तिसरी पिढी तो पाहते. आजोबांनी पाहुण्यांचे स्वागत केले, मुलाने ते पुढे चालवले, नातू आज त्याच दारात उभा आहे. ज्या घरात आजोबांच्या हातची जुनी वही अजून जपून ठेवलेली असते, त्या घरातल्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गावाच्या रूपाबद्दलही ग्श्टाड काटेकोर आहे. नवी इमारत बांधायची तर ती जुन्या लाकडी घरांच्या धाटणीचीच हवी, असा तेथला नियम आहे. उतरती छपरे, कोरीव सज्जे, सज्ज्यांतून ओसंडणारी लाल फुले. जगातली महागडी दुकानेही अशाच लाकडी घरांतून थाटलेली दिसतात. मुख्य रस्त्यावर वाहनांना मज्जाव आहे. लोक पायी चालतात, बाकांवर बसतात आणि संध्याकाळी तोच रस्ता गावाचे अंगण होतो.

पुण्याच्या पाऊलखुणा

या दूरच्या खोऱ्याशी पुण्याचे एक जुने नाते आहे आणि ते फारच थोड्या प्रवाशांना माहीत असते. प्रख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन १९५२ मध्ये भारतात आले असता मुंबईत त्यांची भेट बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी झाली. अय्यंगार १९३७ पासून पुण्यात योग शिकवत होते. त्यांच्या शिकवणुकीने मेन्युइन यांच्या थकलेल्या शरीराला असा आराम मिळाला की १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना युरोपात बोलावून घेतले. त्या प्रवासात अय्यंगार ग्श्टाडलाही राहिले. तेव्हा परदेशात योगाची ओळख फारशी नव्हती. कृतज्ञतेपोटी मेन्युइन यांनी त्यांना एक घड्याळ भेट दिले आणि त्यावर, हेच आपले सर्वोत्तम व्हायोलिनगुरू, अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. वाद्य न वाजवणारा माणूस वादकाचा गुरू ठरला, कारण त्याने वादकाचा खांदा, मान आणि श्वास सुधारला.

मेन्युइन यांनी १९५७ मध्ये झानेनच्या जुन्या चर्चमध्ये संगीतमहोत्सव सुरू केला. तो आजही दर उन्हाळ्यात भरतो. १९६१ पासून १९८५ पर्यंत जे. कृष्णमूर्ती याच झानेनमध्ये दर उन्हाळ्यात प्रवचने देत. मोठ्या तंबूत देशोदेशीचे श्रोते शांत बसून ऐकत. पुढे यश चोप्रांच्या चित्रपटांनी हे खोरे भारतीय घराघरांत पोहोचवले. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधला छोटा पूल पाहण्यासाठी आजही भारतीय कुटुंबे झानेनला उतरतात, पुलावर छायाचित्रे काढतात आणि पुढची गाडी पकडून निघून जातात. थोडा अधिक वेळ काढला, तर त्याच गावात पुण्याच्या एका योगगुरूची पावलेही उमटलेली आढळतील.

विटांच्या भुग्याचे मैदान

टेनिसचे मैदान गावाच्या अगदी मध्यात आहे. रेल्वे स्थानकापासून काही मिनिटे चालले की मध्यवर्ती कोर्ट येते. ऑस्ट्रेलियाच्या रॉय इमर्सन यांनी ही स्पर्धा पाच वेळा जिंकली म्हणून त्याला त्यांचे नाव दिले आहे. जेमतेम साडेचार हजार प्रेक्षकांची ही जागा. गॅलरीतून मान वर केली की डोंगर दिसतो, आणि टाळ्या थांबल्या की कधी आगगाडीची शिटी ऐकू येते.

मैदानाचा रंग विटकरी तांबडा. आपल्याकडे त्याला ‘मातीचे कोर्ट’ म्हणतात खरे, पण युरोपातले हे कोर्ट निव्वळ मातीचे नसते. वर पसरलेला थर भाजलेल्या विटांच्या बारीक भुग्याचा असतो. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्यात मिसळली जाणारी सुरखी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा भुगा ओळखीचा वाटेल. पॅरिसच्या प्रसिद्ध रोलाँ गारोस कोर्टांवर हा थर अवघा एक-दोन मिलिमीटर असतो. त्याच्या खाली पांढऱ्या चुनखडीचा चुरा, त्याखाली कोळशाची खर, मग खडी आणि तळाशी मोठे दगड. वरून दिसणारा रंग क्षणात उडून जाईल इतका पातळ, आणि त्याला धरून ठेवणारा पाया मात्र खोल. पाऊस पडला की पाणी खाली झिरपते. ऊन पडले की मैदानावर पाणी शिंपडावे लागते, नाहीतर भुगा वाऱ्यावर उडतो. प्रत्येक सेटनंतर सेवक जाळी ओढत कोर्ट सारखे करतात आणि ब्रशने पांढऱ्या रेषा स्वच्छ करतात. अंगण शेणाने सारवणाऱ्या हातांची आठवण व्हावी असे हे काम आहे. दक्षिण भारतात एकेकाळी शेणाने सारवलेल्या कोर्टांवर टेनिस खेळले जाई. पुण्याच्या जुन्या जिमखान्यांनाही मातीच्या कोर्टांची परंपरा आहे.

या मैदानावर चेंडू टप्पा घेताच मंदावतो आणि उंच उसळतो. जोराने एक फटका मारून गुण मिळवणे कठीण. खेळाडूला धीराने चेंडू परत करत राहावे लागते, घसरत जाऊन तोल सांभाळावा लागतो. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, याचा वाद झाला तर मातीवर उमटलेला ठसा साक्ष देतो.

ग्श्टाडला मात्र निसर्गाने या नियमात एक गंमत केली आहे. उंचीमुळे तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. विरळ हवेत चेंडूला अडवणारे बळ कमी, म्हणून तो वेगाने आणि लांब जातो. माती वेग मारते, हवा वेग देते. सपाटीवरच्या मातीवर तरबेज असलेल्या खेळाडूचे फटके येथे पहिल्या दिवशी रेषेबाहेर पडतात आणि जोरदार सर्व्हिस असलेला खेळाडू अनपेक्षितपणे पुढे सरकतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात एक मौज वाटेल. आपले महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे ग्श्टाडहून बरेच उंच. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत १,२१९ मीटरच्या वरच्या ठिकाणांसाठी वेगळ्या प्रकारच्या चेंडूंची तरतूद आहे. ग्श्टाड त्या रेषेच्या खाली राहते, महाबळेश्वर वर जाते. जांभ्याची लाल माती, थंड हवा आणि पाहुण्यांची वर्दळ महाबळेश्वर-पाचगणीकडेही आहे. फक्त ग्श्टाडची स्पर्धा होते त्या जुलैत तेथे धुवाधार पाऊस कोसळत असतो.

पाहुणे आणि विजेते

१९९८ च्या जुलैत या गावात सोळा वर्षांचा एक स्विस मुलगा व्यावसायिक दौऱ्यातला आपला पहिला सामना खेळला आणि अर्जेंटिनाच्या लुकास अर्नोल्ड केरकडून ६-४, ६-४ असा हरला. तो रॉजर फेडरर. पाच वर्षांनी, २००३ मध्ये, विम्बल्डन प्रथमच जिंकून तो थेट येथे आला तेव्हा गावाने त्याला चक्क एक दुभती गाय भेट दिली. तिचे नाव ज्युलिएट. त्या वर्षी अंतिम सामन्यात तो हरला. २००४ मध्ये मात्र त्याने ही स्पर्धा जिंकली. २०१३ मध्ये तो परत आला तेव्हा त्याला ‘देझिरे’ नावाची दुसरी गाय मिळाली. गाय हीच या खोऱ्याची खरी संपत्ती. तेव्हा पाहुण्याला आपल्या घरातले सर्वांत मोलाचे द्यावे, ही त्यामागची भावना. जैन वाचकाच्या मनात मात्र येथे आणखी एक विचार डोकावल्याशिवाय राहत नाही. गाय देताना तिच्या म्हातारपणाची सोय कोण पाहणार? पांजरपोळीची परंपरा लाभलेल्या समाजाला भेटवस्तूतही जीव दिसतो.

भारतीयांसाठी ग्श्टाडची लाल माती शुभ ठरली आहे. लिअँडर पेसने चेक प्रजासत्ताकाच्या डेव्हिड रिक्लसह २००३ आणि २००४ अशी सलग दोन वर्षे येथे दुहेरी जिंकली. त्यानंतरची गोष्ट युकी भांब्रीची. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार गटाचा विजेता, पुढे एकेरीत जगातल्या पहिल्या शंभरात पोहोचलेला हा दिल्लीचा खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने दीर्घकाळ खेळापासून दूर राहिला. परतल्यावर त्याने एकेरीचा हट्ट सोडला आणि दुहेरी निवडली. २०२४ च्या जुलैत फ्रान्सच्या उंचपुऱ्या अल्बानो ओलिवेत्तीसह त्याने ग्श्टाडचे विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात पहिला सेट गमावूनही ही जोडी जिंकली. एकेरीत त्या वर्षी इटलीचा मातेओ बेरेत्तिनी विजेता ठरला. २०१८ मध्येही तोच जिंकला होता.

हाच युकी २०१७ च्या नोव्हेंबरात बालेवाडीत खेळला होता आणि तेथील चॅलेंजर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामकुमारला हरवून विजेता झाला होता. म्हणजे रहाटणीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या मैदानात जिंकलेला माणूस सात वर्षांनी आल्प्सच्या डोंगरात जिंकला. मधल्या काळात त्याने काय गमावले आणि काय सोडून दिले, याचा हिशेब धावफलकावर दिसत नाही.

घरचा नियम, परकी वाट

ही स्पर्धा जुलैच्या मध्यास येते आणि आपले चातुर्मासही त्याच सुमारास बसतात. २०२४ मध्ये चौमासी चौदस २० जुलैला होती आणि स्पर्धा २१ तारखेला संपली. चातुर्मासात लांबचा प्रवास न करण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांनी जूनमध्ये हे गाव पाहावे. तेव्हा सामने नसतील, पण डोंगर, गाडी आणि गाव तेच असेल.

जुलैत जाणाऱ्यांना एक गोष्ट सोयीची वाटते. तेथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्याला संध्याकाळचा सामना पाहूनही वेळेत जेवता येते. सूर्योदय सहाच्या थोडा आधी होतो, म्हणून नवकारसीही अवघड नाही. अडचण येते ती अन्नाच्या निवडीत. या खोऱ्याचा मुख्य पदार्थ चीज. शेजारच्या लेतिव्हा गावाच्या शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये सहकारी संस्था काढून, लाकडाच्या आचेवर, फक्त उन्हाळी कुरणांतल्या दुधापासून बनणारे आपले चीज टिकवून ठेवले. ही कथा कौतुकाची आहे, पण अशी पारंपरिक चीजे जमवण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, हे शाकाहारी प्रवाशाने लक्षात ठेवले पाहिजे. पावात अंडे, मिठाईत जिलेटिन आणि सुपात मांसाचा अर्क असू शकतो. म्हणून वेष्टनावरची यादी वाचावी, नाहीतर विचारावे. तेथील दुकानदार असा प्रश्न ऐकून हसत नाही, नीट वाचून उत्तर देतो. सोबत खाखरे, थेपले, भाजलेले मूग आणि विजेची छोटी किटली असेल तर बाकीचे फळे, दूध आणि पाव यांवर निभावते.

अहिंसेचा प्रश्न ताटापुरता थांबत नाही. टेनिसच्या रॅकेटच्या तारांमध्ये ‘नॅचरल गट’ नावाचा एक प्रकार असतो. तो गुरांच्या आतड्याच्या आवरणापासून बनतो. पूर्वी मोठे खेळाडू त्याच तारा वापरत आणि आजही काही वापरतात. काही रॅकेटच्या मुठीलाही चामडे असते. पॉलिस्टर आणि नायलॉनच्या तारा आता सर्वत्र मिळतात आणि जगातले बहुतेक व्यावसायिक खेळाडू पॉलिस्टरवरच खेळतात. म्हणून मुलाला टेनिसच्या वर्गात घालताना दुकानदाराला एवढेच विचारावे की तार कशाची आहे. खेळात काही उणे पडत नाही आणि घरचा नियमही राहतो.

टिकण्याचे गणित

आता पहिला प्रश्न. ग्श्टाडमध्ये स्पर्धा टिकली, बालेवाडीतून का गेली?

व्यावसायिक टेनिसमध्ये स्पर्धा म्हणजे एक परवाना असतो. वर्षातला ठरावीक आठवडा आणि ठरावीक दर्जा त्या परवान्यासोबत येतो. तो ज्याच्या हाती, तो स्पर्धा कोठे भरवायची ते ठरवतो. मैदान बांधणाऱ्या गावाचा त्यावर आपोआप हक्क येत नाही. चेन्नईची स्पर्धा पुण्याला आली ती याच रीतीने आणि पुण्याहून गेली तीही याच रीतीने. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जागा आपली होती, दिवे आपले होते, गिऱ्हाईक आपले होते, पण पाटीवरचे नाव दुसऱ्याचे होते.

ग्श्टाडमध्ये नाव आणि गाव एकमेकांना जोडले गेले. स्पर्धा हॉटेलच्या अंगणात जन्मली, गावाच्या मध्यात वाढली. पाहुण्यांना खोल्या देणारे, दूध पुरवणारे, मैदान झाडणारे आणि प्रेक्षक म्हणून बसणारे सारे तेथलेच. महायुद्धे आली, २०२० मध्ये साथीमुळे स्पर्धा झाली नाही, पण नंतर पुन्हा भरली. प्रत्येक गोष्ट तेथे टिकतेच असेही नाही. महिलांची स्पर्धा २०१६ मध्ये ग्श्टाडला सुरू झाली आणि २०१८ नंतर लोझानला गेली. यश मिळाले ते एका गोष्टीला दीर्घकाळ धरून राहिल्यामुळे.

बालेवाडीची बाजूही सगळी उणे नाही. तेथे ‘महा ओपन’ ही चॅलेंजर दर्जाची, म्हणजे एक पायरी खालची, स्पर्धा भरू लागली. २०२४ च्या फेब्रुवारीत मोनॅकोचा व्हालांताँ वाशरो येथे जिंकला. त्या वेळी त्याचे नाव फारसे कोणी ऐकले नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरात, जागतिक क्रमवारीत दोनशेच्याही खाली असताना, पात्रता फेरीतून आलेल्या याच खेळाडूने शांघायची मोठी स्पर्धा जिंकली आणि टेनिसजगत थक्क झाले. मोठे दुकान गेल्यावर त्याच जागी छोटे दुकान थाटले, तरी तेथे उद्याचा मोठा माणूस येऊन जातो. ते दुकान किती वर्षे उघडे राहते, हे आसपासच्या लोकांच्या हाती आहे. बालेवाडीत खेळणारे अनेक जण वीस-बावीस वर्षांचे, तिकिटाचा आणि राहण्याचा खर्च कसाबसा भागवणारे तरुण असतात. त्यांच्या सामन्यांना गॅलऱ्या बहुधा रिकाम्या असतात.

ग्श्टाडला १९१५ मध्येही कोणी मोठा माणूस येणार नव्हता. युद्धाने खचलेल्या युरोपातले मोजके पाहुणे आणि एका हॉटेलची कोर्टे एवढेच भांडवल होते. गावाने ते पुढच्या वर्षी पुन्हा मांडले, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी.

रहाटणीहून बालेवाडीला जायला मुंबई-झुरिकचे विमान लागत नाही. रविवारी दुकान बंद केल्यावर, मुलाला स्कूटरवर मागे बसवून अर्ध्या तासात पोहोचता येते. फेब्रुवारीची ऊब असते, हवेत गारवा उरलेला असतो आणि कोर्टावर दोन अनोळखी तरुण पूर्ण ताकदीने खेळत असतात. त्या दिवशी गॅलरीत बापलेक बसले तर दोन खुर्च्या भरतील. ग्श्टाडची साडेचार हजार आसनेही अशीच, दोन-दोन करत, भरली होती.